ज्याचा दिवस, त्याचं शहर

दर नोव्हेंबरात बँकेत म्हाताऱ्या माणसांची रांग लागते. पेन्शन चालू राहण्यासाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो ‘जीवन प्रमाण’मधून ऑनलाइन देता येतो, आता तर मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरला तरी भागतं. तरीही माणसं येतात. तीन वर्षांपूर्वी, मी फोर्टातल्या शाखेत होते तेव्हा, एक आजोबा डेक्कन क्वीनने पुण्याहून आले होते. गिरगावातली खोली सोडून मुलाने बाणेरला फ्लॅट घेतला, त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. सव्वासातची गाडी पकडायची म्हणजे ते पाचला उठले असणार. मी म्हटलं, ‘काका, एवढी दगदग कशाला करता? पुण्यातसुद्धा हे काम होतं. घरबसल्याही होतं.’ ‘होतं की. नातू करून देतो म्हणत होता,’ ते म्हणाले. मग काउंटरच्या आत डोकावत त्यांनी विचारलं, ‘ते पासबुकं भरून द्यायचे ते शिपाई कुठे दिसत नाहीत?’ ते शिपाई जूनमध्ये निवृत्त होऊन कणकवलीला गेले होते. आजोबा थोडा वेळ तसेच उभे राहिले, दाखल्यावर सही केली आणि गेले. पुढच्या नोव्हेंबरात ते आले नाहीत. त्यांचा दाखला मात्र वेळेवर आला, ऑनलाइन.

त्याच हिवाळ्यात आमच्या घरात पुण्याला जायचं की नाही हा विषय दर शनिवार-रविवारी जेवणाच्या ताटावर येत होता. आम्ही डोंबिवलीचे. नवऱ्याची कंपनी हिंजवडीला गेली होती. सोमवारी पहाटे निघायचं, आठवडाभर वाकडला दोन सहकाऱ्यांबरोबर राहायचं आणि शुक्रवारी रात्री परत यायचं, असं त्याचं दीड वर्ष चाललं होतं. मला विनंती बदली मिळण्यासारखी होती. मुलगी नववीत, सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. नवऱ्याने एक तक्ता केला. डाव्या रकान्यात डोंबिवली, उजव्यात पुणे. घरभाडं, कर्जाचा हप्ता, शाळेची फी, दवाखाने, पाणी, हवा, येण्याजाण्याचा वेळ. तक्ता प्रामाणिक होता. त्यातला एकही आकडा मला खोडता आला नाही.

उलट त्यातला सर्वांत भक्कम आकडा माझाच होता. डोंबिवली ते सीएसएमटी ४८ किलोमीटर. घराच्या दारापासून बँकेच्या दारापर्यंत जाऊन-येऊन तीन तास. वर्षाचे कामाचे २८० दिवस धरले तर ८४० तास, म्हणजे अख्खे ३५ दिवस. बावीस वर्षांचे ७७० दिवस झाले. दोन वर्षांहून जास्त काळ मी रात्रंदिवस गाडीत उभी होते, असा त्याचा अर्थ. आणि ही गाडी साधी नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. रूळ ओलांडताना, दारातून पडून, फलाटाच्या फटीत. २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलमधून प्रवासी पडले, तेव्हा मी पुण्यात होते. बातमी वाचताना ते वळण पायांना आठवलं, कारण तिथे गाडी कलते आणि आपण सगळ्या एका बाजूला झुकतो. तेव्हा डोंबिवली सोडण्याला सबळ कारण नव्हतं असं कोणीही म्हणू नये.

तरीही तो तक्ता मला चुकीचा वाटत होता आणि का, हे कळायला बरेच दिवस लागले. त्यात प्रत्येक ओळ ‘आपल्याला’ या एका शब्दाने सुरू होत होती. आपल्याला भाडं किती पडेल, आपल्याला वेळ किती वाचेल, आपल्याला दवाखाना किती लांब. पण घर म्हणजे एक माणूस नव्हे. आम्ही चौघं एका पत्त्यावर राहत होतो आणि चार वेगळ्या शहरांत जगत होतो.

नवऱ्याचं शहर त्याच्या लॅपटॉपमध्ये होतं. तो ते उचलून कुठेही नेऊ शकत होता. माझं शहर सकाळच्या लोकलचा बायकांचा डबा होता. तिथे मी भाज्या निवडल्या, दोघींच्या घटस्फोटात त्यांच्या शेजारी बसले, वडील गेले त्या आठवड्यात कोणी न विचारता मला खिडकीची जागा मिळाली. जे ८४० तास मी तक्त्यात तोटा म्हणून मांडत होते, माझी बहुतेक मैत्री त्यांतच झाली होती. मुलीचं शहर म्हणजे शाळा, क्लास आणि फडके रोडवरची दिवाळीची पहाट, जेव्हा गावातली सगळी तरुण मंडळी नवे कपडे घालून नुसतीच एकमेकांना बघायला जमतात.

आणि सासूबाईंचं शहर? ते मी एका रविवारी त्यांच्याबरोबर चालून पाहिलं. घरापासून गणेश मंदिरापर्यंत, वाटेतल्या थांब्यांसकट, साधारण सातशे मीटर. डेअरीवाला, जो उधारी लिहून ठेवत नाही कारण त्याला सासूबाई लक्षात असतात. फुलवाली, जी चतुर्थीला दूर्वांची जुडी बाजूला काढून ठेवते. एक डॉक्टर, ज्यांना १९९४ पासूनचा त्यांचा रक्तदाब फाइल न उघडता माहीत आहे. पायऱ्या चढताना धाप लागली की टेकायला एका दुकानाची पायरी. दुकानदार त्यांच्यासाठी तिथली सायकल हलवतो. दर महिन्याच्या दहा तारखेची भिशी. बागेतलं बाक, तिथल्या पाच जणी, आणि सहावी जी गेल्या वर्षी गेली तिची जागा, जिथे अजून कोणी बसत नाही. एकूण वीस-बावीस माणसं. त्यांतल्या बहुतेकांची आडनावंसुद्धा मला माहीत नव्हती. पण सासूबाई दोन दिवस दिसल्या नाहीत, तर आमच्या दाराची बेल वाजवतील अशी ती माणसं होती. सकाळी नऊ ते रात्री नऊ आम्ही तिघंही बाहेर असताना त्यांना सांभाळण्याचं काम ती माणसं करत होती, आणि त्या कामाचा एक रुपयाही कोणत्याच रकान्यात नव्हता.

तिथून माझं एक मत बनलं. ते अनेकांना पटणार नाही, हे मला ठाऊक आहे. आपल्याकडे शहर बदलण्याचा निर्णय ज्याचा पगार त्याचा असतो. नोकरी जिकडे, तिकडे घर. हा नियम इतका अंगवळणी पडलाय की तो नियम आहे हेच दिसत नाही. माझं म्हणणं असं की निर्णयात जास्त वजन त्या माणसाच्या शब्दाला असावं, ज्याचा दिवस त्या नव्या वस्तीत जाणार आहे. साधा हिशेब करून पाहा. नवरा आठवड्यातले पाच दिवस घराच्या परिसरात जागेपणी दोन-तीन तास असणार. सासूबाई सोळा तास असणार. घर कुठे असावं हे त्या पाच दिवसांत पंधरा तास वावरणाऱ्याने ठरवायचं आणि ऐंशी तास वावरणाऱ्या बाईने ते मुकाट्याने स्वीकारायचं, याला न्याय म्हणता येत नाही. शहाणपणही म्हणता येत नाही, कारण ज्याला त्या जागेचं कमीत कमी कळणार आहे त्याच्याकडे आपण निवड सोपवतो.

आपल्या भाषेनेही या बाबतीत आपल्याला थोडं सांभाळून घेतलंय. ‘बदली’ हा शब्द पाहा. माझे वडील महसूल खात्यात होते. आमचं बिऱ्हाड चार वेळा हललं. दर वेळी बदली ‘आली’, पाऊस येतो तशी. वरून हुकूम आला की घरात कोणी कोणाला दोष देत नाही, रडायचं ते सगळ्यांनी मिळून रडायचं आणि ट्रंका बांधायच्या. आमच्या पिढीला बदली येत नाही, आम्ही ती ‘घेतो’. ऑफर स्वीकारतो, कंपनी बदलतो, कर्ज काढतो. निर्णय आमचा असतो, तरी घरात बोलताना आम्ही अजून जुन्याच शब्दांत बोलतो: ‘जावं लागतंय’, ‘इलाज नाही’, ‘नोकरीच तिकडे’. हुकूम कोणाचा नसताना हुकमासारखं बोललं की घरातल्या बाकीच्यांना ‘नको’ म्हणायला जागाच उरत नाही.

बायकांना तर ती कधीच नव्हती. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित म्हणून नोंदले गेले, आणि बायकांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण होतं लग्न. ही संख्या कोट्यवधींची आहे. पण मुंबईत आलेला चाकरमानी कथा-कादंबऱ्यांत येतो, गिरणी कामगार नाटकात येतो. लग्न होऊन डोंबिवलीला आलेल्या मुलीने गाव सोडलं असं कोणी म्हणत नाही, ती ‘नांदायला’ आली असं म्हणतात. सासूबाई तासगावजवळच्या एका गावातून आल्या, तेव्हा एकोणीस पूर्ण नव्हत्या. विहिरीच्या पाण्यावरून नळाच्या रांगेवर, भाकरीवरून रेशनच्या गव्हावर. त्या मला एकदा म्हणाल्या होत्या की शेजारणीने त्यांना ‘अमक्यांची सून’ न म्हणता नावाने हाक मारली, त्याला चार वर्षं लागली. शहर बदलण्याबद्दल आमच्या घरात सर्वांत जास्त कोणाला कळत असेल तर त्यांना. आणि आम्ही तक्ता घेऊन बसलो होतो तेव्हा त्या आत पोळ्या करत होत्या.

यावर पहिला आक्षेप माझ्या नवऱ्यानेच घेतला आणि तो हलका नव्हता. म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर ती नेहमी ‘नको’च म्हणणार, मग तरुणांनी जन्मभर एका जागी बांधून घ्यायचं का? प्रश्न खरा आहे. जुन्या माणसांच्या शब्दाखाली कित्येक सुनांच्या नोकऱ्या गेल्या, कित्येक मुलींची बाहेरगावची कॉलेजं सुटली. त्या जाचाला मी नव्या नावाने परत आणू इच्छित नाही. जास्त वजन म्हणजे नकाराधिकार नव्हे. मला हवं होतं ते एवढंच, की त्यांचं नुकसान निर्णयाच्या आधी मोजलं जावं, आणि जायचंच ठरलं तर नवी जागा निवडताना त्यांच्या दिवसाचा विचार सर्वांत आधी व्हावा.

दुसरा आक्षेप माझा मीच घेत होते. मला डोंबिवलीबद्दल जे वाटत होतं ते कितपत खरं होतं आणि कितपत नुसती भीती? जे सोडायचं ते नावानिशी माहीत असतं. जे मिळणार त्याला अजून नावच नसतं. त्यामुळे मनात तोटा नेहमी ठळक दिसतो आणि लाभ पुसट. या एका कारणासाठी माणसं अख्खं आयुष्य चुकीच्या जागी काढतात. आणि डोंबिवलीशी आमची नाळ तरी किती जुनी? आमची इमारत भरली ती गिरगाव, दादर, परळमधून आलेल्या माणसांनी. खोल्या अपुऱ्या पडल्या, मुलांची लग्नं झाली, लोकांनी चाळ सोडली, आणि तेव्हाही मागे राहिलेल्यांनी त्यांना ‘एवढ्या लांब कुठे चाललात’ असं विचारलं असणार. ज्या पुण्याला आपण पिढ्यान्‌पिढ्यांचं समजतो त्या पुण्यातही १२ जुलै १९६१ ला पानशेतचं पाणी शिरलं आणि नदीकाठच्या पेठांतली हजारो कुटुंबं एका दिवसात उघड्यावर आली. गोखलेनगर, लोकमान्यनगर या वसाहती त्या विस्थापितांच्या. तिथल्या नातवंडांना आज कोणी उपरं म्हणत नाही. माणूस पुन्हा रुजतो, यावर माझा विश्वास आहे. मात्र रुजायला वर्षं लागतात, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती वर्षं मोजकी असतात.

माणसाचा दिवस न मोजता जागा ठरवली की घराबाहेरही त्याचा केवढा परिणाम होतो, ते मुंबईच्या गिरणगावाकडे पाहिलं की कळतं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप कधी रीतसर मिटलाच नाही. गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनींवर मॉल आणि मनोरे उभे राहिले, आणि कामगारांना त्या जमिनींवरच्या घरांत वाटा देण्याचं ठरलं. लाखाहून जास्त कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले. इतक्यांना पुरेल एवढी घरं मुंबईत झाली नाहीत, म्हणून सरकारने कर्जत लाइनवर शेलू आणि वांगणीला घरं देऊ केली. २०२५ च्या जुलैत कामगार आणि त्यांची मुलं आझाद मैदानात उतरली: घर हवं, पण मुंबईत. पुष्कळांना हा हट्ट वाटला. नवं पक्कं घर मिळतंय, घ्या की, असं माझ्या ऑफिसातही लोक म्हणाले. मला तो हट्ट वाटत नाही. संपात उभा राहिलेला कामगार आज सत्तरीत आहे. त्याचं सरकारी रुग्णालय परळला, त्याचं भजनी मंडळ लालबागला, घरकाम करणाऱ्या त्याच्या सुनेची कामं प्रभादेवीला. शेलूला त्याला चार भिंती मिळतील आणि दिवस मात्र लालबाग-परळमध्येच राहील. सरकारने चौरस फूट मोजले, तास मोजले नाहीत. आमच्या तक्त्याची चूक हीच होती, फक्त तिथे ती लाखाच्या पटीत झाली.

‘पुण्याला जायचं’ हे वाक्यही मला हळूहळू अर्धवट वाटू लागलं. कोणत्या पुण्याला? शहरात कोणी राहत नाही. माणूस एका गल्लीत राहतो, आणि बाकीचं शहर बातम्यांत वाचतो. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं पुणे महापालिकेत आली. पत्ता ‘पुणे’ झाला, पाइप मात्र सगळीकडे पोचला नाही. टोलेजंग सोसायट्या वर्षाचे बाराही महिने टँकरवर चालतात आणि त्याचा खर्च महिन्याच्या मेंटेनन्समध्ये मिसळलेला असतो, म्हणून घर बघायला गेलेल्या माणसाला तो दिसत नाही. २०२५ च्या जानेवारीत गुलियन बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली ती सिंहगड रस्त्याच्या भागात, नांदेड गाव, किरकटवाडीकडे. नव्याने आलेल्या गावांतल्या पाण्याची चर्चा तेव्हा कुठे राज्यभर झाली. कोथरूड, सदाशिव पेठ, वाघोली आणि वाकड या चार ठिकाणी राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईचा दिवस चार गावांत राहिल्याइतका वेगळा जातो. तक्त्यात त्यांचा रकाना एकच होता.

शेवटी एका रात्री मी सासूबाईंना सरळ विचारलं, ‘आई, तुम्हाला काय वाटतं? जायचं का?’ त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना म्हणाल्या, ‘तिथे दूध कोण टाकतं?’ त्यानंतर प्रश्न सुरू झाले ते थांबेनात. लिफ्ट बंद पडली तर किती मजले? देऊळ रस्ता न ओलांडता लागतं का? दुपारी दोनला चक्कर आली तर कोणाला हाक मारायची? नळाला पाणी कुठलं? खाली बसायला कट्टा आहे का, आणि असला तर त्यावर बायका बसतात का? मी ते प्रश्न लिहून काढले. नवऱ्याने इतके आठवडे जमवलेल्या माहितीत यांतल्या एकाचंही उत्तर नव्हतं, आणि घर घेताना विचारायचे असतात ते प्रश्न हेच होते.

त्या म्हणाल्या, बघून येते. मुलाच्या वाकडच्या फ्लॅटवर आठ दिवस आणि कोथरूडला भाचीकडे आठ दिवस अशा त्या राहून आल्या. वाकडला चौदावा मजला होता. हवा छान, डोंगर दिसतो, असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. पण कोथिंबिरीची एक जुडी आणायची तर फाटकावर नोंद, मग हमरस्ता, आणि तो ओलांडण्यासाठी त्या वीस मिनिटं उभ्या राहिल्या होत्या. पहाटे येणारे टँकर त्यांनी गच्चीतून मोजले होते. आठ दिवसांत त्यांच्याशी बोललेली बाहेरची माणसं तीन, त्यांतला एक सुरक्षारक्षक. कोथरूडला जुनी तीन मजली इमारत, रंग उडालेला, लिफ्ट नाही. तिसऱ्या दिवशी खालच्या फुलवालीने विचारलं, ‘नवीन आलात का?’ परत आल्यावर त्यांनी निकाल दिला तो ना होकार होता ना नकार. ‘जायचं तर जाऊ. पण तिकडे, त्या फुलवालीकडे. आणि हे घर विकायचं नाही.’

घर न विकण्याची त्यांची अट मला सगळ्या सल्ल्यांमध्ये मोलाची वाटते. शहर बदलताना माणसं बहुतेक वेळा एकाच फटक्यात सगळं करतात: इकडचं विकायचं, तिकडचं घ्यायचं. पुण्यात घर घेताना मुद्रांक शुल्क आणि त्यावरचे अधिभार धरून साधारण ७ टक्के जातात. ९० लाखांच्या फ्लॅटवर ६ लाख ३० हजार, वर नोंदणीचे ३० हजार. चूक झाली असं सहा महिन्यांनी कळलं तर हे पैसे परत येत नाहीत, आणि मग माणूस पैशांसाठी त्या चुकीतच राहतो. अकरा महिन्यांचा भाडेकरार म्हणजे अकरा महिने विचार करण्याची मुभा. तिला पैसे पडतात हे खरं, पण परतीचा रस्ता उघडा असला की घरातलं माणूस नव्या जागेशी भांडत नाही, तिला एक संधी देतं.

मुलीची दहावी होईपर्यंत आम्ही थांबलो. ती एकच गोष्ट आमच्याकडे कोणालाही पटवून द्यावी लागली नाही. २०२४ च्या मे महिन्यात कोथरूडला आलो, पहिल्या मजल्यावर. भाडं वाकडपेक्षा जास्त आणि जागा कमी. नवरा चांदणी चौकातून बायपासने हिंजवडीला जातो, जाऊन-येऊन अडीच तास. म्हणजे माझे तीन तास वाचले आणि त्यांतले अडीच त्याच्याकडे गेले. त्याला हा सौदा अजून पूर्ण पटलेला नाही, आणि पटावा असा माझा आग्रहही नाही. तो थकून येतो ते मला दिसतं. मी चालत बँकेत जाते. पहिलं वर्ष मला फार एकटं वाटलं. मोकळ्या झालेल्या तासांत बोलायला कोणी नव्हतं. डब्यातल्या मैत्रिणींचा ग्रुप सहा महिने गजबजलेला होता, मग वाढदिवसांपुरता उरला. हे नुकसान मी तेव्हा मोजलं नव्हतं, कारण दुसऱ्यांचं मोजण्याच्या नादात स्वतःचं राहून गेलं. मुलगी पंधरा दिवसांत रमली. सासूबाईंना वर्ष लागलं. मग एकदा ताप येऊन त्या दोन दिवस खाली उतरल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी फुलवालीचा मुलगा वर येऊन विचारून गेला.

गेल्या उन्हाळ्यात भाडेकरार नव्याने करायची वेळ आली. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच आला. घरमालकांचं झालं, नवऱ्याचं झालं. सासूबाई सोफ्याच्या कडेला बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, ‘माझा नको का?’ एजंट म्हणाला, ‘आजी, एकाचा असला की चालतं.’ नवऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि एजंटाला सांगितलं, ‘त्यांचंही नाव घाला.’ मग आधार कार्ड शोधणं, मसुदा पुन्हा भरणं, यात पाऊण तास गेला. यंत्र त्यांच्यापुढे सरकवलं. आयुष्यभर भांडी घासून रेषा झिजलेल्या, म्हणून अंगठा दोनदा उमटला नाही. त्यांनी तो पदराला पुसला आणि पुन्हा टेकवला.